शॉकअप माल उचलत नाही

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने वाशी गाठणाऱ्या एका पिकअपवाल्याने मागच्या पाट्यांत एक पाटा वाढवून घेतला. भरल्यावर गाडी मागे बसते, एवढीच तक्रार होती. गाडी ताठ उभी राहिली. काही दिवसांनी मागून खडखड सुरू झाली. वाकून पाहतो तर शॉकअपच्या वरच्या कडीतला रबरी बुश एका अंगाने फाटून लांबट झालेला; नळी मात्र कोरडी, तेलाचा थेंब नाही.

दुकानदाराने बुश पाहिलाच नाही. "लोड जास्त आहे शेठ, हेवी ड्यूटी टाका." जाड नळीची, भडक रंगाची जोडी बसली. स्टिकरवर 'हेवी ड्यूटी' छापायला काय लागते! रिकामी परतताना गाडीची मागची बाजू उड्या मारू लागली, पावसात वळणावर घसरू लागली आणि बुश पुन्हा फाटला.

वजन पेलतात ते पाटे. शॉकअपच्या नळीतले तेल व्हॉल्व्हच्या बारीक वाटांतून ढकलले जाते आणि झोक्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. त्याचे काम झोका आवरण्याचे, गाडी उचलण्याचे नव्हे. रिकाम्या पिकअपचे पाटे मुळात दबत नाहीत; त्यात शॉकअपही कडक घातला, तर चाक रस्ता सोडणारच. आणि आरसी बुकात लिहिलेल्यापेक्षा जास्त माल भरणाऱ्याला शॉकअपच्या दुकानात औषध नाही.

खरा घोटाळा लांबीचा होता. पाटा वाढल्याने ॲक्सल चॅसिसपासून दूर गेला. खड्ड्यात चाक लोंबले की जुन्या मापाचा शॉकअप शेवटापर्यंत ताणला जायचा आणि ॲक्सलचा सगळा झटका बुशावर यायचा. एका जुन्या मिस्त्रीने चॅसिस घोडीवर घेऊन चाके लोंबू दिली आणि वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत टेप लावला. उघडा शॉकअप या मापापेक्षा लांब हवा. मग गाडी चाकांवर उभी करून तेच अंतर मोजले, त्यातून ॲक्सल आणि बंप रबर यांच्यातली फट वजा केली. मिटलेला शॉकअप याहून आखूडच हवा, नाहीतर तो रबराच्या आधी आपटतो. पाट्यांना हात लावला नसेल तर कंपनीच्या मापाचा घ्यावा, इतका खटाटोप नको.

भरल्या गाडीने खराब रस्त्यावर तासन्‌तास धावायचे असेल, तर गॅसवाल्या शॉकअपसाठी चार पैसे जास्त द्यावेत. तापलेल्या तेलाला फेस आला की शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजनचा दाब तो फेस रोखतो. मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा शॉकअप लवकर थंड होतो खरा, पण दगड लागून नळीला पोचा पडला की आतला पिस्टन अडकू शकतो. खडीच्या रस्त्यांवर दुहेरी नळीचाच बरा.

बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. दुहेरी नळीचा नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून आतली हवा काढावी. बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचा आवळावा. लोंबत्या चाकांवर आवळला तर बुश पिळलेलाच राहतो आणि नवा असूनही लवकर फाटतो.