जुन्या राउटरचा स्विच: फुकट कधी, महाग कधी

बेंगळुरूच्या बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये पहिल्या मजल्यावर आमचं हिशेबनिशीचं छोटं ऑफिस आहे. दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर. इंटरनेटवाल्यांनी बसवलेल्या डब्याला लॅनचे पोर्ट चारच. त्यामुळे आतल्या खोलीतली मुलगी टॅली वायफायवर चालवायची आणि एन्ट्री करताना मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. स्विच आणायचा ठरला, तेवढ्यात कपाटात पडलेला जुना वायफाय राउटर आठवला. असा राउटर आज बहुतेक ऑफिसांत धूळ खात असतो, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो.

राउटर उलटा धरून मागची बाजू बघा. एक पोर्ट वेगळ्या रंगाचा किंवा जरा बाजूला असतो, तो वॅन. उरलेले चार लॅनचे, आणि हे चार मिळून आतल्या आत एक स्विचच असतो. आपल्याला तेवढाच वापरायचा आहे. मुख्य डब्याच्या लॅन पोर्टमधून निघालेली वायर जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टमध्येच लावायची आणि वॅन मोकळा सोडायचा. जोडणीत दोन्हीकडचा एकेक पोर्ट जातो, राहिले इकडे तीन, तिकडे तीन. पाच कॉम्प्युटर आणि प्रिंटर, बरोबर सहा!

मात्र वायर जोडण्याआधी सेटिंग करायचं, हा क्रम चुकवू नका. राउटर रिसेट करा, एकच लॅपटॉप वायरने जोडा आणि सेटिंगच्या पानावर जा. तिथे राउटरचा लॅन आयपी बदला. मुख्य डबा 192.168.1.1 वर असेल, तर याला 192.168.1.2 द्या, फक्त तो आकडा मुख्य डबा दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, एवढं पाहून घ्या. मग लॅपटॉप नव्या पत्त्यावर पुन्हा जोडून डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता वाटणारा कारकून. एका ऑफिसात असे दोन कारकून बसले, की काही कॉम्प्युटरना इंटरनेट मिळतं, काहींना नाही, आणि कारण सापडता सापडत नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा ज्याला बोलावलं त्याने सहाशे रुपये घेतले आणि वायर वॅनमध्ये खुपसून गेला. इंटरनेट सुरू झालं, म्हणून आम्हीही खूश. संध्याकाळी लक्षात आलं की जुन्या राउटरला लावलेला प्रिंटर बाहेरच्या खोलीतल्या कोणालाच दिसत नाही. वॅनमधून जोडलं की पलीकडे वेगळं नेटवर्क तयार होतं, मध्ये भिंत उभी राहते. वायर लॅनमध्ये हलवली, डीएचसीपी बंद केलं आणि प्रिंटर दिसू लागला. आणखी एक: दोन डब्यांमध्ये ‘जास्त स्पीड’साठी दोन वायरी कधीही जोडू नका. माहिती गोल गोल फिरत राहते आणि सगळं ऑफिस ठप्प होतं.

आता खरी मेख स्पीडची. जुन्या राउटरच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात पोर्टपुढे 10/100 असं असेल, तर वायरवरून सेकंदाला 100 मेगाबिटच्या वर काही जाणार नाही, प्रत्यक्षात नव्वद-पंच्याण्णव. तुमचा प्लॅन 100 चा असेल, काम टॅली आणि छपाईचं असेल, तर काही अडत नाही. पण 200-300 चा प्लॅन असेल, तर त्या खोलीपुरते जादा पैसे वाया. दोन जीबीची फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायला तिथे तीनेक मिनिटं लागतात, गिगाबिट स्विचवर वीसेक सेकंद. डिझाइनचं, व्हिडिओचं किंवा नकाशांचं काम करणाऱ्यांनी जुना राउटर सोडूनच द्यावा.

पैशांचं बोलायचं तर पाच पोर्टचा साधा 10/100 स्विच साधारण पाचशे रुपयांत मिळतो, गिगाबिट हजार-बाराशेला. त्याला सेटिंग नाही, वायर खोचली की चालू. म्हणजे सेटिंग स्वतः जमत असेल तर जुना राउटर फुकट. त्यासाठी माणूस बोलावून पाचशे मोजणार असाल, तर तेवढ्यात नवा स्विच येतो. विजेचंही बघा. राउटर सहा वॅट खातो असं धरलं, तर वर्षाला सुमारे 52 युनिट, दोन वॅटच्या स्विचला 17. आठ रुपये युनिट धरला, तर फरक वर्षाला 280 रुपयांच्या घरात. राउटरचं वायफाय लागत नसेल तर बंद करा. ठेवायचं असेल, तर आधी कारखान्याचा पासवर्ड बदला.

हात आखडू नये तो वायरीत. बनशंकरीहून मेट्रोच्या ग्रीन लाइनने चिकपेट गाठलं की एसपी रोडचा बाजार जवळच. तिथे कॅट सिक्स मागितली की कधीकधी स्वस्तातली, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर हातात पडते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चांदीसारखी चमकली तर परत करा; अस्सल तांबं आतपर्यंत लालच असतं. अस्सल वायर मीटरला साधारण वीस ते तीस रुपये पडते. आमच्या बारा मीटरना तीनशेच्या आसपास लागले. जीएसटी क्रमांक घालून पक्कं बिल घ्या.

राउटर घरात असेल आणि प्लॅन 100 पर्यंतचा असेल, तर बिनधास्त वापरा. पण या कामासाठी जुना राउटर विकत मात्र घेऊ नका. त्या पैशांत थोडी भर घालून गिगाबिट स्विचच घ्या.