ट्रेलरचे ब्रेक आणि खरेदीदाराचा हक्क

जनावरे वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा भार स्थिर नसतो. ब्रेक लागताच जनावरे पुढे सरकतात. ट्रेलरचा ब्रेक निकामी असल्यास सारा भार पुढील वाहनाला मागून रेटतो. वेग दुप्पट झाला, तर ब्रेकला चौपट ऊर्जा शोषावी लागते.

हा दोष निर्मितीतीलच असेल तर? मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम ११०-अ नुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश निर्मात्यास देऊ शकते. अशा वेळी भरपाई, बदली वाहन अथवा दुरुस्ती ही निर्मात्याची जबाबदारी ठरते.

म्हणून कर्जावर ट्रेलर घेणाऱ्या रायपूरच्या पशुपालकाने पावती, चासी क्रमांक व नोंदणीपत्र जपून ठेवावे. दोष आढळल्याने कर्जाचे हप्ते आपोआप थांबत नाहीत. हक्क मात्र कागदपत्रांच्या आधारेच मागता येतो.