रात्र राखून ठेव

पोरी, पुढच्या जूनमध्ये तू मित्रमंडळींबरोबर फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची मोटारशर्यत पाहायला जाणार, असं तुझ्या आईने सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. पॅरिसला नोकरीला असताना तो आठवडा मी मोकळा ठेवायचो. तिथल्या जुन्या प्रेक्षकांनी मला जे सांगितलं आणि जे पाहून पाहून कळत गेलं, ते आता तुझ्या कानावर घालतो.

शर्यत शनिवारी दुपारी 4 वाजता सुटते आणि रविवारी दुपारी 4 वाजता संपते. नवखा प्रेक्षक शनिवारी सकाळीच पोचतो, दिवसभर उन्हात उभा राहतो आणि रात्री 11 वाजता, शर्यत रंगात येते तेव्हा, गाढ झोपलेला असतो. तिथलं सगळ्यात देखणं अंधारात आणि पहाटे घडतं. म्हणून मुख्य मंत्र एकच : रात्र राखून ठेव. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा तुझे आजोबा चादर आणि थर्मास घेऊन जायचे, मध्ये निवांत डुलकी काढायचे आणि पहाटे भीमसेनजी गायला बसले की टक्क जागे असायचे. ल मांला असंच बसायचं, असंच झोपायचं, असंच उठायचं.

निघण्याआधी

ऑटोमोबिल क्लब द लुएस्त ही संस्था 1923 पासून ही शर्यत भरवते. तिकिटं ती आदल्या वर्षीच विक्रीला काढते. अलीकडे तीन लाखांहून जास्त प्रेक्षक येतात आणि तिकिटं कित्येक महिने आधी संपतात. तेव्हा लवकर घ्या आणि संस्थेच्या अधिकृत विक्रीतूनच घ्या. सर्वसाधारण प्रवेशाचं तिकीट तुम्हाला पुरेल. स्टँडमधली खुर्ची वेगळी घ्यावी लागते. ती घेतली तर पिटमधली, म्हणजे गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात तिथली, धावपळ समोर दिसते, पण पैसे दिलेत म्हणून चोवीस तास तिथेच बसून राहू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुलाखतीच्या तारखा उन्हाळ्यात मिळेनाशा होतात, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीतच हाती घ्या. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून वेगवान रेल्वेने ल मां साधारण तासाभरावर आहे. स्थानकाबाहेर टी-1 ट्राम मिळते. ती आंतारेस या शेवटच्या थांब्यावर सर्किटजवळ सोडते.

राहायला तंबू सर्वांत चांगला, कारण रात्री मनात आलं की दहा मिनिटांत कुंपणाशी पोचता येतं. तंबूची जागाही तिकिटासारखी आधी घ्यावी लागते. नकाशा पाहून मेझों ब्लांश किंवा तेर्त्र रूज अशा ट्रॅकला लागून असलेल्या जागेसाठी प्रयत्न करा. तंबू आणि स्लीपिंग बॅग पुण्याहून वाहून नेऊ नका. डेकॅथलॉन मूळचं फ्रान्सचंच, तिथे गेल्यावर घ्या. तंबू जमत नसेल तर तूर किंवा आंजे या गावात खोली बघा. दोन्हीकडून रेल्वे आहे.

पाठीवरची पिशवी

कानात घालायचे बोळे पहिले. फोमचे चांगल्या प्रतीचे घ्या, माणशी दोन जोड. कानाला झालेली इजा भरून येत नाही, त्यामुळे यात हयगय नको.

दुसरं, छोटा एफएम रेडिओ आणि इअरफोन. रेडिओ ल मां 91.2 वर इंग्रजीतून पूर्ण शर्यतीचं वर्णन करतो. ट्रॅक 13.626 किलोमीटरचा आहे. तुला एका वेळी त्यातला जेमतेम एक तुकडा दिसतो, बाकीचं कानांनीच पाहावं लागतं. इतक्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं, म्हणून फोनच्या भरवशावर राहू नका. नकाशा आणि वेळापत्रक आधीच उतरवून ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची एक जागा ठरवा, आणि दर तीन तासांनी भेटायची वेळही.

कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या. दुपारी कातडी भाजते आणि पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरू शकतो. रेनकोट हवाच. छत्री नको, मागच्या माणसाला काही दिसत नाही. बूट जुने, पायाला बसलेले आणि चिखलाची पर्वा नसलेले घाल.

खायला चिवडा, शेंगदाण्याची चिक्की आणि लसणाची कोरडी चटणी घे. पेढे, बर्फी, तुपाचा डबा नको. प्रवाशाच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. तिथे ताज्या बगेतवर ही चटणी घालून खा, चीज तिथलंच घे. शाकाहारी माणसाला बटाट्याचे तळलेले काप आणि क्रेप सगळीकडे मिळतात. मेर्गेझ म्हणजे मसालेदार सॉसेज, आणि रियेत हा तिथला प्रसिद्ध पदार्थ डुकराच्या मांसाचा असतो. तुमच्यात जो जे खात नाही त्याने विचारून घ्यावं.

शुक्रवार वाया घालवू नका

शक्य असेल तर बुधवारीच पोचा. बुधवारी आणि गुरुवारी रात्री सराव असतो. तेव्हा गर्दी कमी असते आणि अंधारात कोणत्या वळणावरून कसं दिसतं याचा अंदाज येतो. शुक्रवारी पिट लेन प्रेक्षकांसाठी खुली होते. सकाळी लवकर रांगेत उभी राहा. गाडी हाताच्या अंतरावर दिसते, मेकॅनिक चाकं बदलण्याचा सराव करत असतात. दुपारी गावात चालकांची मिरवणूक निघते. मिरवणुकीआधी तासभर हातात असेल तर सेंट ज्युलियनचं कॅथेड्रल आणि त्याच्या पायथ्याशी असलेलं दगडी जुनं गाव पाहून घे.

तीन गाड्या निवड

साठाहून जास्त गाड्या धावतात आणि तीन वर्गांच्या शर्यती एकाच वेळी चाललेल्या असतात. हायपरकार सर्वांत वेगवान, त्यात फेरारी, टोयोटा, कॅडिलॅक असे कारखाने उतरतात. एलएमपी-2 मध्ये सगळ्यांकडे सारख्याच ताकदीचं इंजिन असतं, म्हणून तिथे चालक आणि पिटमधले लोक निकाल ठरवतात. एलएमजीटी-3 मधल्या गाड्या रस्त्यावरच्या स्पोर्ट्सकारसारख्या दिसतात, आणि प्रत्येक गाडीच्या तिघांत एक हौशी चालक असावाच लागतो. हा माणूस एरवी धंदा-व्यवसाय सांभाळतो आणि इथे रात्री 2 वाजता त्याला आरशात कारखान्याच्या गाडीचे दिवे वाढत जाताना दिसतात. त्याच्याकडे लक्ष ठेव, शर्यतीतलं धाडस तिथे कळतं.

प्रत्येक वर्गातली एक गाडी निवड, तिचा क्रमांक आणि तिन्ही चालकांची नावं वहीत लिही. दर तासाला तिचा क्रम टिपत जा. अशी वही असली की रविवारी दुपारी तुझ्याजवळ तुझ्या गाडीची पूर्ण गोष्ट असते. आपला करुण चंढोक 2012 मध्ये इथे धावला तेव्हा तो ही शर्यत धावणारा पहिला भारतीय ठरला, आणि त्याच्या गाडीने एकूणात सहावा क्रमांक मिळवला. तशी मोठ्या कारखान्यांच्या मागे राहून झुंजणारी गाडी नीट शोधून ठेवावी.

वहीत पिटच्या वेळाही टाक. हायपरकार साधारण बारा फेऱ्यांनी इंधनाला येते. आधी इंधन, मग टायर, असा क्रम असतो, दोन्ही कामं एकदम करता येत नाहीत. एका चालकाला एकूण 14 तासांहून जास्त चालवायची मुभा नाही. हे गणित ध्यानात आलं की पुढे असलेली गाडी खरोखर पुढे आहे, की फक्त तिचं पिटला जाणं अजून बाकी आहे, ते तुला सांगता येईल.

सुरुवातीला एकाच जागी

सुटायच्या वेळी मुख्य स्टँडसमोर चेंगरायला होतं. त्यापेक्षा डनलॉप पुलाच्या उतारावरची मातीची टेकडी बरी. पहिल्या फेरीत गाड्यांचा सगळा जथा चढून येतो आणि खाली वळणांत उतरतो, ते तिथून दिसतं. दोन तास आधी जाऊन जागा धर. पहिला तास हलू नको. नंतर सावलीत बस, जेव, पाणी पी आणि सहा ते आठ आडवी हो. झोप लागली नाही तरी पाय वर ठेव. जूनमध्ये तिथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ हातची जात नाही.

रात्र

अंधार पडायच्या आत आर्नाजला जाणारी बस पकड. आर्नाज हे सर्किटवरचं सगळ्यात हळू वळण. त्याच्या आधी इंडियानापोलिसला गाड्या ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने येतात आणि ब्रेक लागताच चाकांच्या आतल्या तबकड्या लालबुंद पेटतात. ते काळोखातच दिसतं. इथे रेडिओ थोडा वेळ बंद कर आणि कानांवर भरवसा ठेव. कॅडिलॅकचं व्ही-8 इंजिन छातीत घुमतं, ॲस्टन मार्टिन वाल्किरीचं व्ही-12 किंचाळत जातं. दोन तासांत डोळे मिटूनही तुला गाड्या ओळखता येतील. परतीच्या बसची वेळ मात्र उतरल्याबरोबर विचारून घे.

रात्री 1 च्या सुमारास तंबूत परत ये आणि गजर लावून झोप. पाऊस कोसळला आणि सगळ्यांना हळू चालायला लावणारी सेफ्टी कार आली तर मनात रुखरुख न ठेवता आधीच झोप. 2024 मध्ये रात्रीच्या पावसात चार तासांहून जास्त वेळ सेफ्टी कारच्या मागे गाड्या फिरत होत्या. त्या वेळी जे झोपले ते सकाळी ताजेतवाने होते.

पहाट चुकवू नको

साडेचारला ऊठ. काहीही झालं तरी ऊठ. पोर्शे कर्व्ह्जच्या बाजूच्या बांधावर जा. सहाच्या सुमारास सूर्य वर येतो. हवा गार आणि दाट असते, त्यामुळे इंजिनं जोमाने ओढतात. रात्रभर रस्त्यावर रबर बसलेलं असतं, टायर घट्ट पकडतात. चालकांना उजेड मिळतो आणि फेऱ्यांच्या वेळा झपाट्याने कमी होतात. रात्रभराची धूळ, तेल, चिलटं अंगावर घेऊन त्या गाड्या वळणात झुकताना पाहिल्या म्हणजे माणूस आणि यंत्र दोघांनी काय सोसलंय ते कळतं. या एका तासासाठी मी दूरवरून जायचो. तूही याच्यासाठीच जा.

शेवटचा तास संपेपर्यंत थांब

रविवारी दुपारी 2 वाजता काही लोक गर्दी टाळायला निघतात. तू निघू नको. 1969 मध्ये जॅकी इक्स आणि हान्स हेरमान हे दोन चालक शेवटच्या फेरीपर्यंत एकमेकांना गाठत होते, आणि चोवीस तासांनंतर दोघांत शंभरएक मीटरचं अंतर होतं. 2016 मध्ये टोयोटा पुढे होती, अवघी काही मिनिटं उरली होती, आणि चालक काझुकी नाकाजिमाच्या त्या गाडीची ताकदच गेली. मुख्य सरळ रस्त्यावर ती थांबली आणि पोर्शे जिंकली. या शर्यतीत शेवटचा झेंडा पडेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. जिंकणाऱ्याइतक्याच टाळ्या सगळ्यात शेवटी आलेल्या गाडीलाही वाजव. शर्यत संपली की फाटकं उघडतात आणि प्रेक्षकांना विजयमंचाखाली ट्रॅकवर जाता येतं. तेव्हा त्या रस्त्यावर पाय ठेव.

कुंपणाचा मान राख

11 जून 1955 रोजी इथे मर्सिडीजची एक गाडी बांधावर आदळून तिचे तुकडे गर्दीत घुसले. ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. मोटारशर्यतींच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा अपघात. आज दिसणारे उंच बांध, दुहेरी कुंपण आणि मागे ढकललेल्या प्रेक्षकांच्या जागा, हे सगळं अशा अनुभवांतून आलेलं आहे. फोटोसाठी कुंपणावर चढू नका, बंद केलेल्या वाटेने झाडीत शिरू नका. ट्रॅककडेचे मार्शल स्वयंसेवक असतात, ऊनपावसात रात्रभर उभे असतात. ते मागे व्हा म्हणाले की लगेच मागे व्हा, आणि जाताना त्यांना मेर्सी म्हणा.

परतताना

हा माझा सगळ्यात कळकळीचा कानमंत्र. रविवारी संध्याकाळी कुणीही गाडी चालवायची नाही. दीड दिवसात चार तास झोपलेल्या माणसाला आपण थकलोय हेही कळत नाही. त्यात तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि बाहेर पडायच्या वाटा तासन्‌तास तुंबतात. परतीची रेल्वे सोमवारी सकाळची काढा आणि रविवारची रात्र तंबूत पुरी झोप घ्या. वहीतल्या नोंदी त्याच संध्याकाळी पुऱ्या करून टाक, दुसऱ्या दिवशी तपशील निसटतात. आणि तुमच्यात जो कुणी पुढच्या वर्षी दुसऱ्यांना घेऊन जाईल, त्याच्या हाती ती वही दे.