*अभ्यासपाठ : अन्न वाया न घालवणं म्हणजे सगळं बाईनं संपवणं नव्हे*



आपल्या सिल्वासा केंद्रातल्या मागच्या महाप्रसादाची गोष्ट आठवत असेल. ऐंशी जण येतील असा अंदाज होता. 'प्रसाद कमी पडायला नको' म्हणून आम्ही शंभर जणांचा मसालेभात केला. संध्याकाळी धो धो पाऊस लागला आणि जेमतेम पन्नास पानं उठली. उरलेला भात रात्री उशिरा डबे भरून घरोघरी पाठवला. सकाळपर्यंत बऱ्याच घरी तो आंबला. दोन ताईंनी 'प्रसाद टाकायचा कसा' म्हणून तो खाल्ला आणि दोन दिवस पोट धरून बसल्या. चूक आम्हा सेवेकऱ्यांचीच होती. म्हणून या आठवड्याचा पाठ अन्नावर.

*शास्त्र काय सांगतं?*

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची व्रतं सांगितली आहेत : अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न भरपूर वाढवावं. दुसरीकडे गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं, नासलेलं आणि उष्टं अन्न तामसी म्हटलं आहे. म्हणजे रात्री वाटीभर आमटी उरली की गृहिणीची पंचाईत! टाकली तर व्रत मोडतं, उद्यासाठी ठेवली तर तामसी. पण नीट पाहिलं तर दोन्ही वचनं एकाच जागी बोट ठेवतात. मुळात इतकं उरूच कशाला द्यायचं? अन्नाचा मान पातेलं घासताना नाही, तांदूळ मोजताना राखायचा असतो.

*हिशेब केवढा आहे?*

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातला 60 टक्के वाटा घरांचा होता. हॉटेलं आणि दुकानं त्यानंतर येतात. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलो आहे. चौघांच्या घरात 220 किलो, म्हणजे रोज साधारण 600 ग्रॅम. यात सालं, बिया, देठंही धरली आहेत, त्यामुळे लगेच अपराधी वाटून घेऊ नये. पण आठवडाभर आपल्या घरचं मोजून पाहायला हरकत नाही.

टाकलेल्या भाताबरोबर शेतकऱ्याचे कष्ट, पाणी आणि गॅसही जातो. शिवाय कचऱ्याच्या ढिगाखाली हवा न मिळता अन्न कुजलं की मिथेन वायू तयार होतो. तो पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जोरदार आहे.

*आपल्या घरात कुठे उरतं?*

सिल्वासाची घरं कारखान्याच्या पाळीवर चालतात. अचानक ओव्हरटाइम लागतो, घरचे कँटीनमध्ये जेवून येतात आणि इकडे चार पोळ्या, भात तसाच राहतो. यावर आमच्या गटात उपयोगी पडलेले उपाय असे :

• *दुपारी चारला एक मेसेज.* 'रात्री जेवायला आहे / नाही.' एवढ्यानं एका ताईंकडचा भात जवळजवळ उरेनासा झाला.

• *मापाची वाटी ठरलेली.* तांदूळ अंदाजे ओतायचे नाहीत. कणीक थोडी कमी भिजवायची. कुणी जास्त आलं तर दोन पोळ्या ऐनवेळी लाटता येतात.

• *भाजी दोन-तीन दिवसांचीच.* पालेभाजी आधी, दुधी-भोपळा नंतर. जुनं फ्रिजमध्ये पुढे, नवं मागे.

• *आजीची रीत.* दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कोथिंबिरीची देठं आमटीत. उरलेल्या वरणात कणीक भिजवून थालीपीठ.

*भाताबद्दल सावध*

भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. आपल्या दमट हवेत भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला फोडणी दिली तरी तो सुरक्षित होत नाही.

*आता मनातलं*

बहुतेक घरांत उरलेलं कोण खातं? घरातली बाई. मुलाच्या ताटातलं, कालची भाजी, कढईला लागलेलं. 'वाया गेलं नाही' याचं समाधान मिळतं, पण शुगर आणि वजन आपलंच वाढतं. ज्येष्ठांचा जीव अन्नासाठी तुटतो, ते साहजिक आहे. महाराष्ट्रातल्या 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरची सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांना घास टाकवत नाही. त्यांचा तो भाव घ्यावा. पण भूक नसताना पोटात ढकललेलं अन्नही वायाच गेलेलं असतं. देहसुद्धा गुरूंनी सांभाळायला दिलेली ठेव आहे ना?

तसंच मुलांना 'ताट संपव' म्हणून दटावण्यापेक्षा आधी कमी वाढावं, लागलं तर पुन्हा द्यावं. एखादे दिवशी आमटी नासलीच तर नमस्कार करून ती थोडी थोडी सुक्या पाल्यासोबत खताच्या कुंडीत घालावी आणि पुढे जावं. शंभर टक्के कुणालाच जमत नाही. काल अर्धं पातेलं उरत होतं, आज वाटीभर उरतं, हीसुद्धा साधनाच.

*केंद्रासाठी ठरलेलं*

पुढच्या महाप्रसादाला आदल्या रात्रीपर्यंत ग्रुपवर संख्या कळवायची. भात दोन टप्प्यांत लावायचा. उरलं तर ताजं असतानाच, जेवणं आटोपताच गरजूंपर्यंत पोहोचवायचं. मुंबईच्या डबेवाल्यांनी लग्नाकार्यातलं उरलेलं चांगलं अन्न भुकेल्यांना देण्यासाठी 2015 साली रोटी बँक सुरू केली. द्यायचं ते आपण स्वतः खाऊ असंच असावं.

*या आठवड्याचा संकल्प :* सात दिवस, रोज काय आणि किती उरलं ते कॅलेंडरवर लिहायचं.

*घरी बोलण्यासाठी प्रश्न :*
1. आपल्याकडे सर्वांत जास्त काय उरतं, आणि का?
2. ते शेवटी कोण खातं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरुषमंडळींनी आधी द्यावं, ही विनंती 🙏

– स्वयंसेविका गट, सिल्वासा