अमेरिकेंतील नवागत व त्यांचीं चर्चामंडळें

इ. स. १९०९ सालीं एके दिवशीं सकाळीं न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एक चिनी विद्यार्थी समोरून येत होता. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे एक कार्यकर्ते, हॅरी एडमंड्स, त्याला सहज "गुड मॉर्निंग" म्हणून पुढें चालले. विद्यार्थी थबकला. न्यूयॉर्कांत येऊन आपणांस तीन आठवडे झाले, व इतक्या दिवसांत आपल्याशीं आपण होऊन बोललेले तुम्हीच पहिले, असें त्यानें सांगितलें. एडमंड्स यांच्या मनाला ही गोष्ट इतकी लागली कीं, पत्नीच्या विचारानें त्यांनीं परदेशी विद्यार्थ्यांस रविवारीं संध्याकाळीं आपल्या घरीं जेवावयास बोलावण्याचा परिपाठ घातला. ह्या पंक्तींतूनच पुढें धाकटे रॉकफेलर यांच्या देणगीनें १९२४ सालीं न्यूयॉर्कचें 'इंटरनॅशनल हाउस' उभें राहिलें; तशींच वसतिगृहें बर्कले येथें १९३० त व शिकागो येथें १९३२ त निघालीं.

पुस्तक पाठ करून भाषा येते असें फार तर म्हणतां येईल. समाजाची रीत मात्र पुस्तकांत सांपडत नाहीं. शेजाऱ्याकडे बोलावल्यावांचून जावें कीं नाहीं, पोलीसशिपाई दाराशीं आला तर काय बोलावें, मालकानें मजुरी कापली तर दाद कोठें मागावी, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. आणि विचारावयास माणूस लागतें.

विद्यार्थ्यांस निदान ग्रंथालयाची पायरी तरी होती. त्या काळीं अमेरिकेंत उतरणारे बहुतेक लोक मजुरीसाठीं आलेले, आणि त्यांची अडचण याहून मोठी. त्यांच्यासाठीं जें कार्य झालें त्यांत शिकागोच्या 'हल हाउस'चें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. लंडन येथील टॉयन्बी हॉल पाहून आलेल्या जेन ॲडम्स यांनीं आपली मैत्रीण एलन स्टार हिच्यासह १८८९ च्या सप्टेंबरांत हॅल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यांत बिऱ्हाड थाटलें. सभोंवतीं इटालियन, जर्मन, ग्रीक, बोहेमियन, रशियन व पोलिश यहुदी अशी दाट वस्ती होती. योगायोग असा कीं, त्याच सालीं पंडिता रमाबाईंचें युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरील मराठी पुस्तक मुंबईंत छापलें गेलें. रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत त्या देशांत राहिल्या. त्यांस इंग्रजी येत होतें, आणि तेथील लोक त्यांचें बोलणें ऐकावयास सभा भरवीत. परका देश समजून घेण्यास याहून चांगली सोय कोणती? हॅल्स्टेड रस्त्यावरील मजुराच्या वाट्यास यांतलें कांहींच आलें नव्हतें.

हल हाउसमध्यें इंग्रजीचे वर्ग निघाले, बालकमंदिर निघालें. त्यांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. विशेष सांगण्यासारखें आहे तें तेथील कामगारांचें चर्चामंडळ. शिकागोंत १८८६ च्या मे महिन्यांत कामगारांच्या एका सभेच्या वेळीं बाँब पडून पोलीस व नागरिक मेले होते, आणि पुढील वर्षीं चौघांस फांशी झाली होती. लोकांचीं तोंडें बांधण्यापेक्षां त्यांस मोकळेपणानें बोलूं द्यावें हें बरें, असें शहरांतील कांहीं विचारी मंडळींस तेव्हांपासून वाटूं लागलें. हल हाउसचें मंडळ ह्याच हवेंत वाढलें व सात वर्षें चाललें. दर बुधवारीं रात्रीं ८ वाजतां ४० पासून १०० पर्यंत मंडळी जमत. त्या रात्रीपुरता अध्यक्ष जमलेल्यांतूनच निवडीत. वक्त्यास ९ वाजेपर्यंत बोलण्याची मुभा. पुढें १० वाजेपर्यंत पाळी श्रोत्यांची. चालकांनीं ह्या सभेचा अभ्यासवर्ग करूं पाहिला कीं सभासदांनीं तो बेत हाणून पाडावा. (आमच्या वक्तृत्वसभेच्या सभासदांस ही गोष्ट फार आवडेल, शिक्षकवर्गास कितपत आवडेल तें सांगवत नाहीं!) मला वाटतें, सभासदांचेंच बरोबर होतें. ज्याला दिवसभर कारखान्यांत हुकूमच ऐकावे लागतात, त्याला रात्रीं आणखी एक शिक्षक नको असतो.

ह्या चर्चेंत जें बोललें जाई तें खरें कीं नुसतें तोंडदेखलें, याची परीक्षा १९०१ सालीं झाली. सप्टेंबरांत अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळी झाडली गेली. मारेकरी पोलिश आईबापांचा मुलगा, व स्वतःस अराजकवादी म्हणविणारा. शिकागोंत लागलीच एका अराजकवादी पत्राच्या संपादकास पकडून कोठडींत टाकलें. त्याला वकीलसुद्धां भेटूं देईनात. त्या वेळीं शेजारचे रशियन यहुदी हल हाउसमध्यें येऊन ॲडम्सबाईंस विचारूं लागले कीं, ज्या कायद्याची तुम्ही एवढी थोरवी गातां तो आतां कोठें गेला? रशियांतील पोलिसांचा जुलूम सोसून आलेल्या माणसांचा हा प्रश्न. त्यास व्याख्यानानें उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. बाई उठून नगराध्यक्षांकडे गेल्या, परवानगी मिळवून त्या कैद्यास कोठडींत भेटल्या. वर्तमानपत्रांनीं त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. कांहीं जुन्या स्नेह्यांसही तें रुचलें नाहीं. संपादकाविरुद्ध पुरावा न मिळाल्यामुळें त्यास पुढें सोडून देण्यांत आलें. १९३१ सालीं बाईंस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें खरें, परंतु माझ्या मतें त्यांची थोरवी ह्या एका दिवसांत अधिक दिसते.

आणखी एक गोष्ट बाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत लिहिली आहे. नव्या देशांत मुलें भाषा लवकर शिकतात व आईबापें मागें राहतात. मग मुलांस घरच्या माणसांची लाज वाटूं लागते. हें पाहून हल हाउसमध्यें १९०० सालीं एक श्रमसंग्रहालय उघडलें, आणि तेथें शेजारच्या वृद्ध स्त्रिया आपापल्या देशच्या रीतीनें सूत कातून दाखवूं लागल्या. एक इटालियन मुलगी तेथील स्वयंपाकाच्या वर्गास येई. तिची आई त्याच संध्याकाळीं संग्रहालयांत टकळीवर सूत काढी. डोक्यास रुमाल, आंखूड घागरा, पायांत ओबडधोबड बूट, अशी ती खेडवळ बाई आपली आई आहे हें कोणास कळूं नये म्हणून मुलगी नेहमीं दुसऱ्या दारानें आंत शिरे.

एका संध्याकाळीं तिनें पाहिलें तों आईभोंवतीं विद्यापीठाच्या शिक्षणशाळेंतील पाहुणे गोळा झाले होते व तिच्या हातचें सूत वाखाणीत होते. टकळीवर सूत काढणारी आपल्या आईसारखी दुसरी कोणी अमेरिकेंत नाहीं हें खरें काय, असें मुलीनें ॲडम्सबाईंस विचारलें. बहुधा खरें असावें, असें म्हणून बाईंनीं तिला त्या डोंगरांतील गांवाविषयीं सांगितलें आणि तें सारें सोडून येथें राहणें तिच्या आईस किती कठीण जात असेल तेंही सांगितलें. घरीं एका मोठ्या पेटींत हातानें विणलेले कपडे होते. गांवठी दिसतात म्हणून तोंवर ते दडवून ठेवलेले. मुलीनें आईस ते बाहेर काढूं दिले. त्यानंतर ती आईच्या दारानें उघडपणें आंत येऊं लागली.