पंपाचं वय तारखेवर मोज

सुदुंबरे, ता. मावळ

चि. बाळास,

मांडव्याला स्टर्नड्राइव्ह इंजिनांचं काम शिकायला लागलास, हे उत्तम झालं. तुझा प्रश्न रास्त आहे. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर दर वर्षी बदला, असं उस्ताद सांगतात. पण मीटरवर तास भरलेले नसतात आणि काढलेला इम्पेलर दिसायला धडधाकट असतो, मग हा खर्च कशासाठी? माझं मत आधी सांगतो आणि कारणं मागाहून. या पंपाचं वय इंजिनाच्या तासांवर मोजू नये, तारखेवर मोजावं. आणि जी बोट कमी चालते, तिच्या बाबतीत तर हा नियम अधिक कडकपणे पाळावा.

पंप पाणी कसा ओढतो, ते आधी बघ. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि गिअर व पंखा असलेला पाय बाहेर पाण्यात. काही मॉडेलांत पंप त्या पायातच बसवलेला असतो, काहींत इंजिनाच्या पुढच्या बाजूला. जागा कुठलीही असो, रचना एकच: धातूच्या गोल घरात रबरी पात्यांचं चाक. घराची एक बाजू मुद्दाम आत घेतलेली असते. तिथून जाताना पाती दुमडतात, पुढे गेली की उघडतात. उघडताना दोन पात्यांमधली पोकळी वाढते आणि पाणी आत येतं; दुमडताना ती आकसते आणि पाणी पुढे रेटलं जातं. म्हणजे पंपाचा सगळा जोर रबर पुन्हा सरळ होण्यावर अवलंबून आहे. वंगणही त्या पाण्याचंच. कोरडा फिरला, तर मिनिटभरातच रबर जळायला लागतं. शिवाय हे पाणी फक्त इंजिन थंड करत नाही. ते एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं. ते थांबलं की एक्झॉस्टचे रबरी होज भाजतात आणि गरम धूर बोटीच्या पोटात शिरतो. तेव्हा एक पातं गेलं म्हणजे केवळ एक सुटा भाग गेला, असा हिशेब करू नकोस.

आता उभ्या बोटीचा विचार कर. इंजिन थांबलं की दोन-तीन पाती त्या आत घेतलेल्या बाजूला दुमडलेलीच राहतात. गेटवे–मांडवा मार्गावरच्या लाँचेस जूनपासून पावसाळा ओसरेपर्यंत बंद असतात. तेवढे महिने ती पाती वाकलेल्या अवस्थेत पडून राहतात, आणि रबराला ज्या आकारात दीर्घकाळ दाबून ठेवावं तो आकार ते धरून बसतं. पंपाच्या घरात उरलेलं खारं पाणी सुकतं आणि मिठाचे कण पात्यांच्या टोकाशी राहतात. या काळात तासांचा मीटर एक आकडाही पुढे सरकलेला नसतो. मीटर घर्षणाचा हिशेब ठेवतो, पडून राहण्याचा ठेवत नाही. म्हणूनच इंजिन बनवणाऱ्यांच्या पुस्तकांत बहुधा ‘इतके तास किंवा इतके महिने, जे आधी भरेल ते’ अशी अट असते.

आपल्या गावाकडे बघितलंस तर हे अधिक पटेल. इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 5वी बटालियन आहे. पुरात उतरणाऱ्या बचाव-बोटींना आउटबोर्ड मोटर असते. इंजिनाची ठेवण स्टर्नड्राइव्हपेक्षा वेगळी, पण पंप त्याच जातीचा. फरक इतकाच की तुमच्या बोटी पावसाळ्यात झोपतात, तर पुरासाठी ठेवलेल्या बोटींना खरं काम पावसाळ्यातच पडतं. त्यांची दीर्घ विश्रांती संपते ती थेट संकटात. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला, तेव्हा पावसाळा जेमतेम सुरू झाला होता. पहिली हाक अशी मोसमाच्या तोंडावर येते. त्याआधी चालवून बघायला सवड मिळेलच असं नाही.

शिवाय पुराचं पाणी समुद्रापेक्षा पंपाला वाईट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सांगलीत इर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली आणि बोटी गल्लीबोळांतून फिरवाव्या लागल्या. अशा पाण्यातला गाळ पंपाच्या घराच्या भिंतीला ओरखडे पाडतो आणि पात्यांची टोकं झिजवतो. प्लॅस्टिकची पिशवी किंवा जलपर्णीची मुळं पाणी घेण्याच्या जाळीला चिकटली की पंप उपाशी फिरतो. त्यात बोट घराच्या खिडकीशी लावून माणसं उतरवायची, तर इंजिन मंद गतीवर ठेवावं लागतं, आणि पंपाची खरी परीक्षा तिथेच होते. वेग जास्त असला की पाण्याच्या दाबाने पाती भिंतीपासून सुटतात आणि चाक नुसत्या फेकीने पाणी ढकलतं. थकलेलं पातंही तिथे निभावून जातं. मंद गतीत मात्र पातं भिंतीला घट्ट टेकलं तरच पाणी चढतं. म्हणून ‘भरधाव चालवून बघितली, धार चांगली होती’ हा पुरावा अपुरा आहे. धार बघायची ती मंद गतीवर.

आता तुझ्या मनातले आक्षेप घेतो. पहिला: इम्पेलर चांगला दिसतो. जुना आणि नवा शेजारी ठेव. जुन्याची पाती एका बाजूला झुकलेली दिसतील. पातं वाकवून त्याच्या मुळाशी बघ. बारीक चिरा असतील तर त्या ताणल्यावरच दिसतात. दुसरा आक्षेप: तापमानाचा अलार्म आहे ना? आहे, पण तो इंजिन तापल्यावर वाजतो, पंप दुबळा झाल्यावर नाही. जेटीवर असलास तर इंजिन बंद करशील. प्रवाहात असलास तर बंद केलेली बोट पाणी नेईल तिकडे जाईल. तिसरा: गोड्या पाण्याने धुतलं की पुरे. धुणं हवंच. त्याने मीठ आणि गाळ जातो, पण वाकलेलं रबर सरळ होत नाही. चौथा: आतल्या बंद वळशात कूलंट फिरतं, मग समुद्राचं पाणी कशाला? त्या कूलंटची उष्णता बाहेर नेतं ते समुद्राचंच पाणी. पाचवा आक्षेप मात्र वजनदार आहे: पाय उतरवून पंप उघडणं हे कष्टाचं काम, आणि घाईत उघडताना गॅस्केट बिघडतं. मान्य. पण त्याच वेळी गिअर तेल, पायाच्या सांध्यावरचं रबरी आवरण (बेलो) आणि पंख्याचं सीलही तपासून होतं. ते काम वर्षातून एकदा करायचंच असतं. इम्पेलरची किंमत तर इंजिनाच्या किमतीपुढे नगण्य आहे.

म्हणून कामाची पद्धत अशी ठेव. हंगाम संपला की इम्पेलर काढून घे आणि ‘इम्पेलर काढलेला आहे, चालू करू नये’ अशी चिठ्ठी किल्लीलाच बांध. हंगामाआधी नवा बसव. बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लाव, ग्रीस नको, आणि पाती चाक फिरण्याच्या उलट दिशेने दुमड. जुन्याचं एखादं पातं तुटलेलं निघालं, तर तो तुकडा सापडेपर्यंत पाण्याचा मार्ग उलगडत जा. तो पुढे कुठेतरी वाट अडवून बसलेला असतो. जी बोट ऐन वेळच्या हाकेसाठी तयार ठेवायची असते, तिचा इम्पेलर काढून ठेवता येत नाही. ती महिन्यातून एकदा पाण्याचा पाइप जोडून, गिअर न्यूट्रलला ठेवून, थोडा वेळ चालव. बोटीत सुटा इम्पेलर ठेवायचा तर नवाच ठेव. काढलेला जुना जपून ठेवण्याची काटकसर करू नकोस. ज्यावर शंका घेऊन तो काढलास, त्यावर अडचणीत विसंबणार कसा?

आणि बदललेल्या दिवसाची तारीख इंजिनाच्या झाकणाच्या आत रंगाने लिहून ठेव, म्हणजे तुझ्यानंतर हात लावणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही. उस्तादांचं म्हणणं बरोबर आहे. या हंगामापासून ते बिनतक्रार पाळ.

तुझा,
मामा