रंग चढेपर्यंत हात आवर

अगं, त्या दुकानदाराला शिव्या देणं आधी बंद कर. काचेच्या काडीच्या चिठ्ठीवर जांभळा लिहिलं होतं आणि मणी निघाला गढूळ पिवळा, म्हणून लगेच माल खोटा ठरत नाही. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. काच चांगली आहे. तिला जांभळं व्हायला तू वेळच दिला नाहीस.

तू बीएस्सीवाली आहेस, म्हणून थोडं आतलं सांगते. नेहमीची निळी काडी घे. तिच्यातला कोबाल्ट काचेत विरघळून बसलेला असतो. वितळव, निवव, पुन्हा वितळव, निळी ती निळीच. चांदी किंवा सोनं घातलेल्या काडीचं तसं नसतं. काच पूर्ण वितळली की तो धातू सुटासुटा विखुरतो, आणि असा सुटा असताना फारसा रंग दाखवत नाही. मणी एकदा निवून परत मध्यम आचेवर आला, की ते अणू गोळा व्हायला लागतात आणि त्यांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. कण किती आणि केवढे, त्यावर रंग ठरतो. म्हणून एकच चांदीची काडी आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळी, निळी, कधी हिरवीसुद्धा होते. तू पहिल्याच पायरीवर मणी काढून घेतलास, एवढंच.

म्हणजे करायचं काय? मणी तारेवर गोल झाला की एकदा चांगला तापव, पार पातळ दिसेपर्यंत. तेव्हा आधीचे कण मोडतात आणि पाटी कोरी होते. मग ज्योतीबाहेर काढ आणि फिरवत राहा. त्याची लाली विझू दे. इथेच सगळ्यांचा हात घाई करतो, कारण लाल मणी पुन्हा आगीत घालायचा मोह आवरत नाही. लाली पूर्ण गेली की मगच ज्योतीच्या लांबच्या टोकाला, जिथे आच मंद असते तिथे, परत ने. रंग उमटायला लागेल. हवा तेवढा नाही आला तर पुन्हा निवव, पुन्हा ने. मात्र निववताना गप्पा मारत बसू नकोस. फारच गार झालेला मणी एकदम आगीत गेला तर तडकतो, आणि तडकताना तुझ्या तोंडाकडेच उडतो.

आणि थांबायचं कुठे ते ओळखायला शीक. आवळ्याच्या मुरंब्याचा पाक एकतारीवर उतरवावा लागतो, जरा दुर्लक्ष झालं की गेला, तसंच हे. सोन्याच्या गुलाबी काडीला आच जास्त झाली तर गुलाबीचं माणिक होत नाही, कलेजीसारखा मातकट तपकिरी रंग होतो. चांदीच्या काडीला निदान पुन्हा पातळ करून नव्याने सुरुवात करता येते. सोन्याची काडी दर वेळी तेवढी माफी देत नाही.

या सोन्याच्या लाल काचेमागे लोक किती लागले होते म्हणून सांगू! जर्मनीत पॉट्सडॅमला योहान कुंकेल नावाच्या रसायनकाराने सतराव्या शतकाच्या शेवटी ती नेमाने बनवून दाखवली. तो लाल रंग सोन्याच्या बारीक कणांमुळे येतो, हे 1857 मध्ये मायकेल फॅरडेने सांगितलं. तुला आणखी जवळचं उदाहरण देते. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातले अलेक्सेई एकिमोव्ह रंगीत काचेवरच काम करत होते. तांब्याचं क्लोराइड घातलेली काच त्यांनी कधी तासभर, कधी चार-चार दिवस भट्टीत ठेवली. आच आणि वेळ बदलली की आतल्या स्फटिकांचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की काच कुठला प्रकाश शोषते तेही बदलतं, हे त्यांना दिसलं. पुढच्या वेळी आत्या दारात उभी राहून म्हणाली, ‘काय वं, दिवसभर काचा जाळत बसते पोट्टी!’ तर तिला हे सांग. पटणार नाही, पण गप्प बसेल.

आता वेळेचं. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, आणि ज्योतीसमोर पंखा लावता येत नाही, कारण वारा लागला की ज्योत हलते. जुन्या शहरातल्या तुमच्या माडीवर पत्रे आहेत, तिथे दुपारी बसशील तर मण्याआधी तूच वितळशील. पहाटे बस. तसाही पहाटेचा अंधार या कामाला चांगला. लख्ख उन्हात मण्याची लाली कधी विझली ते डोळ्याला कळत नाही, अंधूक खोलीत बरोबर कळतं. खिडकी उघडी हवीच, आणि धूर बाहेर ओढणारा पंखा ज्योतीच्या मागे, वरच्या बाजूला. केस बांधून, सुती कपडे घालून बस. कापसाच्या गावात राहतो आपण, नायलॉनचा गाऊन घालून आगीपुढे बसलेली दिसलीस तर फटका देईन.

चष्म्याशिवाय तर बसायचंच नाही. तापलेल्या काचेतून सोडियमची पिवळी झगझग निघते. ती अडवायला त्या खास चष्म्याच्या काचेत निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम घातलेलं असतं. त्यामुळे मणी नीट दिसतो, पण रंग खरा दिसत नाही. रंग बघायचा तर मणी ज्योतीबाहेर काढ, मान जरा खाली कर आणि चष्म्याच्या वरून बघ.

निओडिमियमवरून आठवलं. तू आणलेल्या काड्यांत एक फिकी जांभळी आहे ना, निओडिमियमचीच, ती आच देऊन बदलणारी नाही. ती उजेड बदलला की बदलते. उन्हात जांभळी, ट्यूबलाइटखाली निळसर. बोहेमियातल्या कार्लोव्ही व्हारीच्या लिओ मोझर यांनी 1920 च्या दशकात अशी काच बाजारात आणली आणि अलेक्झांड्राइट या रत्नावरून तिला नाव दिलं. तिच्यावर आचेचे प्रयोग करत गॅस जाळू नकोस. आणि विकताना बाईला दुकानातून ओट्यावर आणून दोन्ही रंग दाखव. नाहीतर जांभळं म्हणून नेलेलं कानातलं लग्नाच्या हॉलमध्ये निळं दिसलं, की ती तुझ्याच नावाने बोटं मोडेल.

काड्यांची तिसरी जात धुरकट ज्योतीची. मणी पूर्ण झाला की शेवटी ऑक्सिजन थोडा कमी करायचा. ज्योत लांब, मऊ, पिवळसर होते. त्यात मणी काही सेकंदच फिरवायचा, की पृष्ठभागावर धातूची झळाळी येते, मोराच्या पिसासारखी. जास्त ठेवला की करडा, मेलेला. ही झळाळी अगदी वरच्या थरात असते, म्हणून तो मणी परत स्वच्छ ज्योतीत नेला की ती उडते. तुझ्या ऑक्सिजन यंत्राचा दाब विजेबरोबर खालीवर होतो, आणि आपल्याकडे वीज कशी असते ते तुला मी काय सांगू. ज्योत आपोआप धुरकट झाली आणि तुला कळलंच नाही, असंही होतं. म्हणून दर वेळी काच घालायच्या आधी ज्योतीच्या मुळाशी बघ: निळे सुळके टोकदार दिसले तर ठीक.

हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ नाही. ऑक्सिजन कोंडून तांब्याचा लाल रंग आणायची युक्ती आपल्याकडच्या जुन्या मणीकारांना माहीत होती. अपारदर्शक लाल मणी त्यांनी समुद्रापार विकले. आणि काचेचा इतिहास लिहिणारा माणूस आपल्या वऱ्हाडात येऊन खोदकाम करून गेला, हे तुला माहीत आहे का? मोरेश्वर गंगाधर दीक्षित. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरचं उत्खनन त्यांचंच, आणि ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ हे 1969 चं पुस्तकही त्यांचंच. ग्रंथालयात मिळालं तर चाळ. आपण रुक्मिणीचं माहेर म्हणून कौंडिण्यपूरला जातो, नमस्कार करतो आणि परत येतो. मण्यांचं कोणी बोलतच नाही.

आता जरा रागावते. मणी राखेत किंवा त्या उष्णता धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या लोकरीत खुपसून ठेवलास की काम झालं, असं तुला कोणी सांगितलं? त्याने तो फक्त हळू गार होतो. आतला ताण जात नाही, आणि महिन्याभराने कोणाच्या तरी गळ्यात दोन तुकडे होतात. या मऊ काचेला भट्टीत साधारण 510 ते 520 अंशांवर अर्धा-पाऊण तास बसवावंच लागतं, मग सावकाश उतरवायचं. काही काड्यांचा रंग भट्टीतही पुढे सरकतो, तेव्हा चांदीच्या काडीचे मणी तिथे विनाकारण तासन्तास ठेवू नकोस. कडक बोरोसिलिकेट काच आणि ही काच एकत्र करू नकोस. फुटक्या बांगड्यांचे तुकडे हात बसवायला फुकट आणि उत्तम, पण त्या काचेचा मणी त्याच काचेचा ठेव. दोन काचांचं जमतं का ते बघायचं असेल तर त्या शेजारी-शेजारी चिकटवून बारीक तार ओढ. गार झाल्यावर तार वाकली, तर जोडी जमायची नाही.

तारेवरचा मातीचा लेप मण्याच्या भोकातून काढताना पाण्यात बुडवून काढ. कोरडी पूड छातीत जाते. पिवळ्या-केशरी काड्यांत बहुधा कॅडमियम असतं, त्यांचं घासकाम स्वयंपाकाच्या ओट्यावर अजिबात नाही.

एक वही कर. मोबाइलमध्ये नको, वहीच, कारण काजळी लागलेल्या बोटांनी तू मोबाइलला हात लावणार नाहीस. काडीचं नाव, गठ्ठ्याचा क्रमांक, मणी केवढा, किती वेळा निववला, ज्योत कशी. मोठा मणी उशिरा निवतो, बारीक लगेच, म्हणून एका मापाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही. तुझा तो एक अप्रतिम निळा मणी मी पाहिला. तसा दुसरा होईपर्यंत त्याची जाहिरात करू नकोस. त्याचंच कानातलं मागायला कोणी आलं तर काय देशील? कानातल्याला दोन मणी लागतात, आणि रंग बदलणाऱ्या काडीचे दोन मणी हुबेहूब निघणं म्हणजे नशीबच. या काड्या पदकाला वापर, एकट्या मोठ्या मण्याला. जोडीला साध्या काड्या. माळ करायची असेल तर उलट फरक शोभतो. पटवेकऱ्याकडे गाठवायला देताना तू स्वतः समोर बसून फिक्याकडून गडद असं लावून घे, त्याच्यावर सोडू नकोस.

पैशाचं सांगते, कारण तिथे तू लाजतेस. काडी, गॅस, वीज, भट्टी आणि फुटलेले मणी, हे सगळं धर. फुटलेले मणी कोणी धरत नाही. मावश्या-काकवांना पहिला मणी भेट दे, दुसऱ्याला पैसे घे. श्रावणात कावडीच्या सोमवारी राजराजेश्वराकडे सगळं अकोला लोटतं, त्याच सुमाराला राख्यांचीही मागणी असते. पण तेव्हा रंग बदलणाऱ्या काड्यांच्या ऑर्डरी घेऊ नकोस. साध्या रंगाच्या घे, त्या वेळेत होतात.

सिलिंडर स्वयंपाकघरातला लाल ओढून आणू नकोस. घरगुती 14.2 किलोचा धंद्याला चालत नाही, निळा 19 किलोचा व्यावसायिक घे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तळघरासारख्या त्या खालच्या कोठीत नको, माडीवरच, आणि ज्योतीपासून लांब. नळीच्या तोंडाला आग उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवलाय का, ते फोटोत दिसत नाही. रविवारी मी स्वतः येऊन बघते. तोवर पेटवू नकोस, आणि आईला सांग, माझ्यासाठी भाकरी टाकू नको, मी जेवूनच येईन.